नाही म्हणणारा माणूस पाहिजे

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि भाऊजी मागून "काय म्हणतोय, काय म्हणतोय" करत राहतात, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

पहिली गोष्ट. भाऊजींच्या गोदामात मी सुपरवायझर म्हणून येणार नाही. खुर्चीत बसून आलेली खोकी गेलेल्या खोक्यांशी ताडून बघायची, याला मी काम म्हणत नाही. भाऊजींनी माझ्यासाठी शब्द टाकला, त्याबद्दल आभार आहेतच.

दुसरी गोष्ट, खांदा. खांदा थोडा आखडला आहे. "हात गेला" हे तुझ्या कानात कोणी भरवलं मला माहीत नाही. हात जागेवर आहे, त्याच हाताने हे लिहितो आहे. अक्षर बघ.

तिसऱ्या गोष्टीत मात्र तुझं खरं आहे. एकट्याने दुकान ओढत नाही. सायकली पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि मी कोणतंही काम अर्धवट सोडत नाही. तेव्हा माणूस ठेवतो. काचेवर पाटीही लावली आहे: "कामाला माणूस पाहिजे. हात काळे असले तरी चालतील, काम स्वच्छ हवं." लोक थांबून वाचतात.

एक मार्चपर्यंत मनासारखा माणूस मिळाला नाही, तर दुकानाला कुलूप घालून मी गोदामात येईन. हा माझा शब्द. पण ती वेळ येणार नाही, कारण माणूस कसा निवडायचा हे मला कळतं. लोक ओळखीतला बघतात, स्वस्तातला बघतात, नाहीतर चुणचुणीत दिसतो म्हणून ठेवतात, आणि सहा महिन्यांनी कपाळाला हात लावून बसतात. मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. बाबांची सायकल दारात पसरून बसलो होतो आणि जुळवल्यावर मूठभर छर्रे उरले होते, तेव्हा तू घर डोक्यावर घेतलं होतंस. त्या उरलेल्या छर्ऱ्यांनी मला शिकवलं. त्यामुळे सर्टिफिकेटं मी बघत नाही. मी चाक देतो.

ऐक. चाक फिरवलं की रिंग कधी डावीकडे, कधी उजवीकडे लचकते. त्याला आम्ही आउट म्हणतो. एक स्पोक आवळायचा, समोरचा ढिला करायचा, असं करत तो आउट काढायचा, हे आमच्या धंद्यातलं खरं कसब. पंक्चर काय, कोणीही काढतं. तर मी एक चाक मुद्दाम ठेवलं आहे. फूटपाथच्या कडेवर आपटलेलं. दिसायला साधा आउट, पण रिंगच मुडपली आहे. स्पोक जिवाच्या आकांताने ताणले तर ती डोळ्याला सरळ दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊनही जातं. आणि मग एखाद्या उतारावर, मागे ट्रक असताना, त्या चाकाची घडी होते.

जो माणूस ते हातात घेऊन म्हणेल, "मालक, हे जमणार नाही, रिंग बदला," तो माझा माणूस. बाकी सगळं मी शिकवीन. नाही म्हणायला शिकवता येत नाही.

हे तुझ्या-माझ्यात ठेव. परीक्षा फुटली की ती परीक्षा राहत नाही.

तुझा भाऊ

७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर बघ म्हणालास म्हणून बघितलं. सुरेख आहे, पण प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली घसरते. पूर्वी तुझ्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या असायच्या. बाकी मी काही बोलत नाही.

तू कामाला माणूस शोधतो आहेस की घरी जावई करून घेतो आहेस, तेच मला समजेना. लोक साधं विचारतात, कुठे होतास, का सोडलंस, किती घेशील. तुझं आपलं जगावेगळं. नापास होण्याची पोरांना हौस नसते, आणि तू असा पेपर काढला आहेस की सोडवील तो नापास.

ह्यांचं म्हणणं, गोदामाचे मालक एक तारखेच्या पुढे जागा रिकामी ठेवणार नाहीत. खुर्ची, पंखा आणि वेळेवर सुटका. तुला ते कमीपणाचं वाटतं, मला तुझ्या खांद्याच्या दृष्टीने बरं वाटतं. दुकान तुझा जीव आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण जीव असलेल्या गोष्टीखाली माणूस चेंगरतोही.

आता माझ्याकडचं एक नाव. आमच्या माडीवरच्या खोलीत एक बाई राहते. सगळी गल्ली तिला वरची म्हणते आणि तीही ओ देते. वय तुझ्या आसपास. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करायची, एक-दोन नाही, हॉलभर मशीनं. कारखाना दुसरीकडे गेला, हिचं काम गेलं. नवरा नाही. लेक तुझ्याच गावात दिलेली आहे आणि ती बोलावते आहे, पण वरची म्हणते, जावयाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊन बसणार नाही, काम मिळालं तरच येईन. बोलायला फटकळ आहे. माझा मिक्सर तिने दुरुस्त केला आणि वर मलाच सुनावलं की तुम्ही तो वापरत नाही, छळता.

बघ बाबा. मला वाटलं ते सांगितलं.

ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

ओळी घसरतात कारण टेबल एका पायाने लंगडं आहे. त्याला पाचर मारली. आता बघ.

तुझी वरची असेल हुशार. पण शिलाई मशीन एका जागी बसून चालतं. बिघडलं तर फार तर शिवण उसवते. सायकल रस्त्यावर जाते आणि तिच्यावर कोणाचं तरी पोर बसलेलं असतं. दोन्हीला तेल लागतं एवढंच साम्य. तिला माझा नमस्कार सांग आणि दुसरीकडे बघायला सांग.

इकडे तीन जण येऊन गेले.

पहिला मोठ्या शोरूममधून आलेला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, हत्यारं स्वतःची, तीही माझ्यापेक्षा चकचकीत. चाक घेतलं, बसला, आणि उठला तो चाक सरळ करूनच. खरंच सरळ दिसत होतं. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, हे गिऱ्हाइकाला देशील का? म्हणाला, का नाही, तक्रार आली तर पुढचं पुढे बघू. मी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला.

दुसऱ्याने चाकाला हातच लावला नाही. चाक म्हणजे काय, धंदा म्हणजे काय, आजकालची गिऱ्हाइकं कशी, असं इतकं बोलला की मी मधल्या वेळात दोन पंक्चर काढली. शेवटी त्यानेच मला विचारलं, मग मी पास का?

तिसरा तालमीतला. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडत होत्या. त्याने चाक जमिनीवर आडवं घातलं आणि त्यावर उभा राहिला.

तर अजून मिळायचा आहे, पण मिळेल. पाटी बघून रोज कोणी ना कोणी डोकावतं. भाऊजींना सांग, खुर्चीची धूळ पुसायची घाई करू नका.

तुझा भाऊ

१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

टेबलाला पाचर मारलीस तरी ओळी घसरल्याच.

वरची बुधवारी तुझ्याकडे येते आहे. तू नको म्हणालास हे मी तिला सांगितलेलं नाही. तुझं नको तूच तिच्या तोंडावर सांग. पण आधी चाक दे. परक्या तीन जणांना दिलंस, माझ्या माणसाला देणार नाहीस तर मी ते लक्षात ठेवीन, आणि माझं लक्षात ठेवणं कसं असतं ते तुला माहीत आहे.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

वरची येऊन गेली. घडलं ते सगळं क्रमाने सांगतो, कारण यात मला काहीतरी खटकतं आहे आणि ते तुझ्याकडून उलगडेल असं वाटतं.

आधी हे सांगायला हवं की ते परीक्षेचं चाक आता नाही. शोरूमवाला सोमवारी परत आला होता, एक संधी द्या म्हणून मागे लागला. ताकद दाखवायला त्याने इतकं आवळलं की रिंग सांध्यात उकलली. त्यामुळे वरची आली तेव्हा माझ्याकडे टांगायला बेकरीवाल्याच्या सायकलचं चाक होतं. ती सायकल पावांच्या ओझ्यासकट आडवी झाली होती. बघितलंस तर अंगावर काटा येईल, चाक फिरवलं की दोन्हीकडे घासत जायचं. पण रिंग धडधाकट. नुसते स्पोक ढिले झाले होते. म्हणजे मोडकं चाक साधं दिसत होतं आणि हे चांगलं चाक भयंकर दिसत होतं.

मी म्हटलं, हे बघा, आणि काय ते सांगा.

तिने पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला. चाकाकडे बघून एकदम बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग एक बोट रिंगच्या कडेला लावून तिने चाक हळूच फिरवलं. पुन्हा फिरवलं. स्पोक दोन-दोन करून चिमटीत दाबून बघितले, जसं बाजारात शेंग कोवळी आहे का बघतात. चेहरा असा की कोणाशी तरी मनात भांडते आहे. मी म्हटलं, काय, जमणार नाही का? आता मी स्वतःहून उत्तर तोंडात घातल्यावर बाकीचे असते तर हो म्हणाले असते. ती म्हणाली, "निघेल."

आणि बसली. निपलची, म्हणजे स्पोक आवळायची, चावी तिने कधी हातात धरली नव्हती हे उघड दिसत होतं, पहिल्यांदा उलटीकडे फिरवली. पण दुसऱ्यांदा नाही. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. हे मी स्वतः शिकायला किती स्पोक तोडले ते तुला माहीत आहे. विचारलं, पाव फेराच का? म्हणाली, "मशीनला सुई बसवताना पण आपण असंच करतो, मालक. जे हळू बिघडलं ते हळूच सुधारतं." मध्ये तिने मला सांगितलं की तुमचं स्टूल ठेंगणं आहे, अशाने पाठ जाईल. मग दुपारच्या सुट्टीचं विचारलं. मग पगार सांगितला, जो माझ्या मनात होता त्याच्यापेक्षा जास्त. आउट निघाला. मी काढतो तसा नाही, पण निघाला.

तरी मी तिला हो म्हटलेलं नाही. दोन कारणं. एक, हात आहे हे दिसलं, पण ही बाई नाही म्हणू शकते की नाही ते कळलंच नाही, कारण नाही म्हणण्यासारखं चाक तिच्यापुढे नव्हतं. हो म्हणणारे चांगले हात शोरूमवाल्याचेही आहेत. दुसरं, ते उघडून मिटलेलं तोंड. निघताना ती पुटपुटली, "ताई म्हणाल्या होत्या एक आणि इथे भलतंच." काय म्हणाल्या होत्या, असं विचारलं तर म्हणाली, ते त्यांनाच विचारा.

तर तुलाच विचारतो. महिना संपत आला आहे, एक तारखेचा माझा शब्द मला पाठ आहे. पण म्हणून कोणालाही उभं करणार नाही. खरं काय ते कळव.

तुझा भाऊ

२२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

विचारलंस ते बरं केलंस, नाहीतर मी सांगितलं नसतं.

परीक्षा मी फोडली. तुझं पहिलं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, "हे तुझ्या-माझ्यात ठेव" या ओळीसकट. आणि निघताना बजावलं होतं, की तो कसलंही चाक पुढे करो, तू दोन मिनिटं गंभीर चेहरा कर, मान हलव आणि म्हण, मालक, हे जमणार नाही, रिंग बदला. म्हणजे नोकरी तुझी. मला तुझं दुकान टिकायला हवं होतं आणि तिचं पोट चालायला. वाटलं, एवढ्याशा खोटेपणाने दोन घरं उभी राहतील. मला काय ठाऊक तू चाकच बदलून बसशील.

बुधवारी परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. चप्पलसुद्धा दारात नीट काढली नाही. माझ्यावर इतकं कोणी आजवर चिडलेलं नाही, तुला धरून. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगते. "ताई, त्या चाकाचा आउट निघण्यासारखा होता. मी जमणार नाही म्हटलं असतं तर त्या बेकरीवाल्याला उगाच नव्या रिंगचा भुर्दंड पडला असता. तुमचं ऐकायचं म्हणून मी चांगल्या चाकाला मोडकं म्हणू?"

मी म्हटलं, अगं पण मला वाटलं तुझं भलं होईल. तर म्हणाली, "तुमचं भाडं मी वेळेवर देते, पुन्हा दुरुस्तीला दिलेला मिक्सरही परत करीन. पण हे असलं पुन्हा सांगू नका." आणि वर गेली. तेव्हापासून जिन्यातून जाता-येता नुसती पावलं वाजवते.

आता तू म्हणतोस, ती नाही म्हणू शकते का ते कळलं नाही. अरे बारक्या, माझ्या घरात राहून, माझ्याच ओळखीवर, हातातोंडाशी आलेली नोकरी सोडून ती मला नाही म्हणाली. मला. ह्यांना एवढ्या संसारात जे जमलं नाही ते.

आणखी कसलं चाक टांगणार आहेस तिच्यापुढे?

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

परीक्षा फोडलीस हे मी विसरणार नाही. पण तुझ्या पत्रातला प्रश्न मी दुकान बंद करेपर्यंत मनात घोळवत होतो.

तिला सांग, सोमवारपासून ये. पगार तिने सांगितला तोच. स्टूल सुताराकडून उंच करून घेतलं आहे.

काचेवरची पाटी काढली. भाऊजींना सांग, खुर्ची दुसऱ्याला द्या.

तुझा भाऊ

१५ मार्च

ताई,

नमस्कार. मी वरची. आता इकडे कोणी वरची म्हणत नाही, लेकीचं घर तळमजल्यावर आहे. पण तुम्हाला तेच नाव कळेल.

तुमच्यावरचा राग गेला. मिक्सर परत केला नव्हता, तो तसाच खोलीत आहे, उचलून घ्या. खोलीची किल्ली शेजारी ठेवली आहे.

काम चांगलं आहे. मालक हत्यार जागेवर नाही ठेवलं तर असं बघतात की मीच चोरी केली. पण शिकवताना हातचं राखून ठेवत नाहीत. गिऱ्हाइकं आधी मला बघून मालक कुठे आहेत विचारायची, आता मालकांना बघून मला विचारतात. त्यांना ते आवडत नाही आणि आवडतंही.

लिहायचं कारण वेगळं. त्यांनी तुम्हाला खांदा थोडा आखडलाय असं सांगितलं असेल. थोडा नाही. हात छातीच्या वर जात नाही. वरच्या खुंटीवरची ट्यूब हवी असली की गिऱ्हाइकाला म्हणतात, तूच काढ, मला घाई आहे. ॲप्रन डोक्यातून घालावा लागतो, ते जमत नाही, म्हणून काढतच नाहीत. संध्याकाळी तसेच तो घालून घरी जातात आणि सकाळी तसेच येतात. मी पहिले काही दिवस समजत होते की कामाची शिस्तच अशी आहे.

काल शाळेच्या शिपायाची सायकल होती. मालक म्हणाले, हे चाक मी करतो. एका हाताने ओढत, एका हाताने ढकलत त्यांनी ते केलं. आउट निघाला होता. पण चाक मधोमध बसत नव्हतं, एका अंगाला सरकलेलं होतं. शिपाई पैसे काढत होता. मला वाटलं गप्प बसावं, नोकरी नवी आहे, मालकांचं नाव आहे. पण मग मला तुमच्या स्वयंपाकघरातलं माझंच बोलणं आठवलं. मी म्हटलं, "मालक, हे चाक आज जाणार नाही."

शिपाई माझ्याकडे बघतोय, मालक माझ्याकडे बघतायत. कान लाल झाले त्यांचे. दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. मग आत आले, दोरा घेतला, दोन्ही बाजूंनी माप धरलं, आणि चाक काढून माझ्यापुढे ठेवलं. चावीही ठेवली. शिपायाला म्हणाले, "उद्या ये. बाई नाही म्हणाल्यात."

शिपाई गेल्यावर मी म्हटलं, मालक, तुमचा खांदा आपल्या दुकानात सुधारण्यातला नाही. ज्याचं काम त्याने करावं. डॉक्टरांना दाखवा. म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही. उद्या दुकान मी उघडते, तुम्ही तिकडे जा.

जातात की नाही ते तेच तुम्हाला कळवतील. मी विचारणार नाही, नाक जास्त खुपसलं तर नाक कापतात.

तुमची,
वरची

१८ मार्च

ती. ताईस,

तुला सगळा वृत्तांत आधीच पोचला आहे हे मला ठाऊक आहे. पत्र टाकायला तिने माझ्याकडूनच तिकीट नेलं. तेव्हा शिपायाच्या चाकाबद्दल मी लिहीत नाही. एवढंच लिहितो की दोऱ्याने माप घेतलं आणि तिचं बरोबर होतं. तसं फार सरकलेलं नव्हतं. पण सरकलेलं होतं.

या दुकानात माझ्या हातचं चाक कोणी अडवून ठेवावं, असं आजवर झालेलं नाही. बाहेर रस्त्यावर उभा होतो तेव्हा मी दोन गोष्टी मनात बोललो. एक अशी होती की तुला लिहिता येणार नाही. दुसरी अशी की, अरे, असाच माणूस पाहिजे म्हणून तूच पाटी लावली होतीस ना.

डॉक्टरांकडे गेलो. बारीक चणीचा माणूस, बोलतो कमी. मी त्याच्या हातांकडे बघत होतो, घाईचे नव्हते. त्याने माझा हात धरून पुढे नेला, बाजूला नेला, जिथे अडला तिथे थांबला, जबरदस्ती केली नाही. पुन्हा मागे आणला, पुन्हा नेला. फोटो काढला, उजेडाकडे धरून बघितला. मी म्हटलं, डॉक्टर, मला तोंडदेखलं काही सांगू नका. होत नसेल तर होत नाही म्हणा, मला त्याची सवय झाली आहे.

त्याने अजून एकदा हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "निघेल."

रोज व्यायाम करायचा आहे, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. पहिल्या दिवशी कुठवर गेला तिथे खडूने रेघ मारून ठेवली आहे. आजची रेघ तिच्या वर आहे. थोडीच. पाव फेरा म्हण.

तुझ्या हाताखाली वाढलो म्हणूनच मला नाही ऐकून घेता येतं, असं आज वाटलं. हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस. परीक्षा फोडणाऱ्या बाईला हे सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

दवाखान्यातून परत आलो तेव्हा वरची एका चाकावर वाकलेली होती. मी दारातूनच सांगितलं, डॉक्टर म्हणाले निघेल. तिने मान वर केली नाही. चाक फिरवलं, बोट रिंगच्या कडेला लावलं, थांबवलं.

"मग मालक," ती म्हणाली, "आता तो ॲप्रन धुवायला टाका."

तुझा,
बारक्या